मूठ दाबल्यावर हृदयाचं इंधन: फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीचा हिशोब

अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. बाईचं दुखणं मात्र तसंच राहतं. दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी पन्नाशीची बाई, जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतं म्हणते. ईसीजी बरा, टूडी इको बरा, अँजिओ बरी. मग ‘गॅस असेल’, ‘काळजीनं होत असेल’ असं सांगून तिला घरी पाठवलं जातं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच ३५ बायका घेतल्या होत्या: छातीत दुखतं, पण कोरोनरी स्वच्छ. एमआरआयच्या बोगद्यात झोपवून त्यांना मूठ दाबायला लावली आणि त्याच वेळी हृदयाच्या स्नायूतल्या फॉस्फरसचा सिग्नल घेतला. ३५ पैकी ७ जणींच्या हृदयातला इंधनाचा साठा मूठ दाबताना खरोखर उतरला. विश्रांतीत त्यांच्यात आणि इतरांत डोळ्यांत भरेल असा फरक नव्हता.

हा लेख त्या मोजणीबद्दल आहे. ती कशी करतात, आकडा कुठून येतो, आणि मुख्य म्हणजे तो कुठे फसवतो.

सोलापूरकराला हे समजावायला पाण्याचा दाखला पुरतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतात. हातातला तांब्या म्हणजे एटीपी, पेशी लगेच खर्चते ते इंधन. पिंप म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, तिचा राखीव साठा. आणि उजनी धरणातून येणारी लाइन म्हणजे मायटोकाँड्रिया, पेशीतली इंधन बनवणारी केंद्रं. हृदय रोज सुमारे ६ किलो एटीपी बनवतं आणि खर्चतं, पण कोणत्याही क्षणी हाताशी असलेला साठा काही सेकंदच पुरेल इतका असतो. रोजच्या खर्चातलं साधारण दोन-तृतीयांश आकुंचनाला लागतं, उरलेलं कॅल्शियम आणि सोडियमचे पंप चालवायला. तांब्या रिकामा होऊ द्यायचाच नाही, हा पेशीचा नियम. क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम पिंपातून तांब्या सतत भरत राहतं. म्हणून लाइन कमजोर झाली तरी तांब्या भरलेलाच दिसतो; उतरते ती पिंपाची पातळी. आणि घरात चार माणसं असताना तीही फारशी उतरत नाही. लग्नघर झालं, पाहुणे आले, वापर वाढला, की मगच लाइन किती कमजोर आहे ते कळतं. मूठ दाबणं म्हणजे हृदयाच्या घरी पाहुणे बोलावणं.

मोजायचं ते गुणोत्तर: फॉस्फोक्रिएटिन भागिले एटीपी. दोन्हींत फॉस्फरस असतो, म्हणून त्याच्या सिग्नलवरून दोन्ही मोजता येतात. निरोगी हृदयात सगळ्या दुरुस्त्या केल्यावर ते १.७ ते २.१ च्या आसपास येतं. पॉल बॉटमली यांनी १९८५ साली शरीराबाहेर ठेवलेल्या कॉइलनं माणसाच्या हृदयाचा फॉस्फरस स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या संयुगाचा सिग्नल किती याचा आलेख, मिळवला. १९९० साली रॉबर्ट वाइस आणि सहकाऱ्यांनी डाव्या पुढच्या धमनीत मोठा अडथळा असलेल्या रुग्णांत हे गुणोत्तर विश्रांतीत १.४५, मूठ दाबताना ०.९१ आणि मूठ सोडल्यावर १.२७ असं मोजलं. निरोगी लोकांत ते १.७२ वरून १.७४, म्हणजे जागचं हललंच नाही. स्टीफन नॉयबाउअर यांच्या गटानं १९९७ साली डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या, म्हणजे हृदय पसरून कमजोर झालेल्या, ३९ रुग्णांचा सरासरी अडीच वर्षं पाठपुरावा केला. गुणोत्तर १.६ च्या खाली असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ४० टक्के होतं, वर असलेल्यांत ११ टक्के. एका लहानशा आकड्यात इतकं काही दडलेलं असेल तर तो नीट मोजणं ही जबाबदारी आहे.

आता अडचणी. पहिली आणि मोठी: सिग्नल अतिशय क्षीण. नेहमीचा एमआरआय पाण्यातल्या प्रोटॉनवर चालतो आणि पाणी भरपूर असतं. फॉस्फोक्रिएटिन त्याच्या तुलनेत हजारो पटींनी विरळ, शिवाय फॉस्फरसचा अणुगर्भ प्रोटॉनपेक्षा मुळातच कमी आवाज देतो. म्हणून मिलिमीटरची चित्रं विसरायची. एकेक घनभाग, म्हणजे व्हॉक्सेल, १० ते ७० मिलिलिटरचा असतो. चहाच्या छोट्या कपाएवढ्या भागाचा एक आलेख मिळवायला आठ-दहा मिनिटं लागतात.

दुसरी अडचण यंत्राची. चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात. १.५ टेस्लावर प्रोटॉन ६३.९ मेगाहर्ट्झला बोलतो, फॉस्फरस २५.८५ मेगाहर्ट्झला. ३ टेस्लावर फॉस्फरस ५१.७ ला. रोजच्या कामासाठी बसवलेल्या मशीनमध्ये दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचा अॅम्प्लिफायर आणि रिसीव्हर बहुधा नसतात. तो ‘मल्टिन्यूक्लिअर’ पर्याय खरेदीच्या वेळीच मागावा लागतो, आणि कॉइल वेगळी घ्यावी लागते. नवीन मशीनच्या कोटेशनवर सही होण्याआधी एवढा एक प्रश्न विचारा. नंतर तो पर्याय बसवणं फार महागात पडतं.

कॉइल साधी असते: १२-१५ सेंटिमीटर व्यासाचं वेटोळं, छातीवर ठेवायचं. अशा वेटोळ्याला अंदाजे त्रिज्येइतक्या खोलीपर्यंत नीट ऐकू येतं, म्हणजे सहा-सात सेंटिमीटर. त्यात हृदयाची पुढची भिंत आणि सेप्टम, म्हणजे डाव्या-उजव्या कप्प्यांमधली भिंत, येतात. मागची आणि खालची भिंत येत नाही. म्हणून ही तपासणी मुख्यतः डाव्या पुढच्या धमनीच्या प्रदेशाची आहे. उजव्या धमनीचा आजार असलेल्या रुग्णाला ‘फॉस्फरस नॉर्मल’ असं सांगणं चूक ठरेल. वेटोळ्याच्या मधोमध फॉस्फरसचं संयुग भरलेली छोटी बाटली चिकटवतात, बहुतेक ठिकाणी फेनिलफॉस्फोनिक अॅसिड. तिच्या सिग्नलवरून कॉइल नेमकी कुठे आहे आणि पल्सची, म्हणजे सिग्नलसाठी सोडलेल्या रेडिओलहरींच्या धक्क्याची, ताकद किती पडली ते ठरवता येतं. ही बाटली हलली की पुढची सगळी गणितं हलतात, त्यामुळे ती पक्की बसवा आणि तपासणीच्या शेवटी पुन्हा बघा.

रुग्णाला शक्यतो पालथं झोपवायचं. हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं, कॉइलच्या जवळ येतं आणि श्वासानं होणारी छातीची हालचाल दबते. पोट मोठं असलेल्यांना, गुडघे किंवा मान दुखणाऱ्यांना पालथं अर्धा तास जमत नाही. अशांना उताणं झोपवून कॉइल रुंद पट्ट्यानं बांधायची आणि सिग्नल कमी मिळणार हे आधीच धरून चालायचं. अर्ध्यातून उठलेल्या रुग्णापेक्षा उताण्या रुग्णाचा कमी दर्जाचा स्पेक्ट्रम कधीही बरा.

स्पेक्ट्रममध्ये कोण कुठे बसतं ते एकदा पाठ झालं की आलेख वाचणं सोपं. आलेखावरची जागा पीपीएममध्ये मोजतात. फॉस्फोक्रिएटिन शून्य पीपीएमवर. उजवीकडे एटीपीची तीन शिखरं: गॅमा उणे २.५ जवळ, आल्फा उणे ७.५ जवळ, बीटा उणे १६ जवळ. डावीकडे साधारण ५ ते ६.५ च्या दरम्यान डीपीजीची जोडी, ती रक्ताच्या लाल पेशींतली. अजैविक फॉस्फेट नेमकं तिच्या खाली झाकलं जातं, म्हणून हृदयात ते वेगळं काढणं अवघड. एटीपीसाठी बहुतेक जण गॅमा शिखर घेतात. बीटा सगळ्यात निर्भेळ, पण ते इतकं लांब आहे की पल्सची रुंदी कमी पडते आणि जागाही सरकते: १.५ टेस्लावर १६ पीपीएम म्हणजे सुमारे ४१४ हर्ट्झ. २००० हर्ट्झच्या पल्सनं १० सेंटिमीटरचा पट्टा निवडला तर बीटा-एटीपीचा पट्टा फॉस्फोक्रिएटिनच्या पट्ट्यापासून दोन सेंटिमीटर सरकलेला असतो. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा हृदयाचा आणि खालचा अर्धवट शेजारच्याचा.

आणि शेजारी त्रासदायक आहेत. छातीच्या स्नायूत विश्रांतीत हे गुणोत्तर चारच्या आसपास असतं. त्याचा थोडा अंश मिसळला तरी आजारी हृदय निरोगी दिसतं. यकृतात एटीपी आहे, फॉस्फोक्रिएटिन नाही. ते मिसळलं की निरोगी हृदय आजारी दिसतं. हृदयाच्या पोकळीतलं रक्तही एटीपी आणतं आणि फॉस्फोक्रिएटिन आणत नाही, म्हणून रक्ताची वजाबाकी करावीच लागते. डीपीजीच्या शिखरांवरून रक्ताचा वाटा ओळखायचा आणि त्याचा ठरलेला हिस्सा, बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये ११ टक्के, एटीपीतून वजा करायचा. रक्ताक्षय असलेल्या रुग्णात लाल पेशीच कमी, म्हणून हा वाटाही कमी असतो. सगळ्यांना एकच ठोकताळा लावण्यापेक्षा त्या रुग्णाच्या स्वतःच्या डीपीजीवरून हिशोब करणं म्हणूनच योग्य. छातीच्या स्नायूवर त्याचा सिग्नल दाबणारा सॅच्युरेशन पट्टा टाकतात, पण छाती वाकडी आणि पट्टा सरळ, त्यामुळे कडेला स्नायू उरतो. शिवाय ८×८×८ अशा मोजक्या पायऱ्यांच्या मांडणीत प्रत्येक घनभागाचा सिग्नल शेजारच्या घनभागात पाझरतो. स्नायूला लागून असलेला पहिला घनभाग वापरायचाच नाही, एक सोडून आतला घ्यायचा, ही सवय लावून घ्या.

आता विश्रांती आणि ताण यांची तुलना. इथे एक फसवणूक आहे, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा सुटते.

सिग्नल ईसीजीला बांधून घेतला तर दर ठोक्याला एक पल्स जातो. विश्रांतीत नाडी ६० असेल तर दोन पल्समधलं अंतर, म्हणजे टीआर, १ सेकंद. ताणात नाडी १०० झाली की टीआर ०.६ सेकंद. पल्स बसल्यावर अणुगर्भांना पूर्वस्थितीला यायला वेळ लागतो. त्याचं माप टी-वन. फॉस्फोक्रिएटिनचा टी-वन लांब, एटीपीचा आखूड. टीआर कमी झाला की फॉस्फोक्रिएटिन जास्त मार खातं. समजा टी-वन अनुक्रमे ४.४ आणि २.४ सेकंद आहेत, फ्लिप अँगल, म्हणजे पल्सनं अणुगर्भ किती कलतात तो कोन, ३० अंश आहे आणि खरं गुणोत्तर १.९ वर स्थिर आहे. टीआर १ सेकंद असताना आलेखावर दिसेल १.५७. टीआर ०.६ असताना दिसेल १.४६. हृदयात काहीही बदललं नाही, तरी सात टक्के घट दिसली, आणि तीही नेमकी आजाराच्या दिशेनं.

उपाय तीन. टीआर ठराविक ठेवा आणि ईसीजीला बांधूच नका. हृदय हलतं त्यामुळे थोडं धूसर होतं, पण इतक्या मोठ्या घनभागात ते चालून जातं. किंवा ईसीजीला बांधायचंच असेल तर विश्रांतीत दर ठोक्याला आणि ताणात दर दुसऱ्या ठोक्याला घ्या, आणि दोन्हीकडचे प्रत्यक्ष टीआर नोंदवून दुरुस्ती वेगवेगळी करा. किंवा प्रत्येक पल्सच्या वेळेची नोंद ठेवून नंतर एकेका पल्सचा हिशोब लावा. आमचा कौल पहिल्याला. ताणात लय चुकते, एखादा जादा ठोका येतो, आणि ईसीजीवर अवलंबून असलेली मोजणी तिथेच अडखळते.

मूठ दाबण्याचं उपकरण घरगुतीच वाटावं इतकं साधं करता येतं. रबरी फुगा, लांब नळी, भिंतीतल्या वेव्हगाइड नावाच्या नळीवजा भोकातून बाहेर, आणि दाबमापक कंट्रोल रूममध्ये. स्टीलची स्प्रिंग असलेलं कोणतंही ग्रिप यंत्र चुंबकाच्या खोलीत न्यायचं नाही. रुग्णाला बाहेर बसवून तीन वेळा पूर्ण जोर लावायला सांगा, दोन प्रयत्नांत एक मिनिट विश्रांती, सगळ्यात मोठा आकडा धरा. त्याच्या ३० टक्क्यांवर काम चालतं. सलग दाबून धरलं तर बहुतेकांचा हात तीन-चार मिनिटांत भरून येतो, आणि आपल्याला आठ मिनिटं हवी असतात. म्हणून आळीपाळीनं दोन्ही हात वापरा किंवा दाबणं आणि सोडणं यांचा ताल ठरवून द्या. पहिल्या मिनिटाचा डेटा टाकून द्यायचा. तोवर नाडी आणि रक्तदाब चढतच असतात.

ताण किती पडला हे नाडीवरून नाही, नाडी आणि वरचा रक्तदाब यांच्या गुणाकारावरून बघायचं. ७२ नाडी आणि १२४ दाब म्हणजे ८,९२८. मूठ दाबताना ८४ आणि १४४ झाले तर १२,०९६, म्हणजे पस्तीस टक्के वाढ. एवढी वाढ झाली तर तपासणी झाली म्हणायचं. गुणाकार दहा टक्केच वाढला आणि गुणोत्तर स्थिर राहिलं, तर ‘ताणात नॉर्मल’ लिहायचं नाही. ताण पडलाच नाही असं लिहायचं.

दाबताना श्वास रोखला की सगळं बिघडतं. छातीत दाब वाढतो, रक्तदाब वरखाली होतो, हृदय जागेवरून सरकतं, छातीचे स्नायू ताठरतात आणि त्यांचा सिग्नल मिसळतो. इथे सोलापूरची एक खास गोष्ट येते. पूर्वभागातले कितीतरी रुग्ण घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे कन्नड. मशीनमध्ये भरलेल्या हिंदी किंवा इंग्रजी सूचना त्यांना बोगद्यातल्या ठकठकाटात कळत नाहीत. सूचना त्यांच्या भाषेत आधी कागदावर लिहून, म्हणून दाखवून, रुग्णाकडून वदवून घ्या. आणि शब्द निवडताना जपा. तेलुगूत ‘ऊपिरि बिगपट्टंडि’ म्हणजे श्वास रोखा आणि ‘ऊपिरि बिगपट्टकंडि’ म्हणजे रोखू नका. फरक एका ‘क’चा. आवाजात तो ‘क’ हमखास बुडतो आणि रुग्ण नेमकं उलट करतो. त्याऐवजी ‘ऊपिरि तीसुकुंटू उंडंडि’, श्वास घेत राहा, असं सांगा. मराठीतही ‘रोखू नका’ टाळून ‘श्वास चालू ठेवा’ म्हणा. कन्नडमध्ये सोडताना ‘उसिरु बिडि’, एवढं पुरतं.

तपासणीआधीची झडती इथल्या सवयींप्रमाणे करायची. साडीच्या निऱ्यांतली आणि पदराची सेफ्टी पिन ही चुंबकाकडे झेपावणारी वस्तू आहे. बायका ती विसरतात, कारण ती रोजचीच. जरीच्या काठात धातूची तार असते, म्हणून साडी बदलून गाऊन द्यायचा. जोडवी, मंगळसूत्र, कमरेचा करदोडा, त्यातला ताईत. यंत्रमागावर, फिटिंगच्या दुकानात किंवा ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाला डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे न चुकता विचारा, आणि शंका असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे.

मुठीनं ताण पुरेसा पडत नसेल तर डोब्युटामिन, हृदयाचं काम वाढवणारं शिरेतलं औषध. हे हृदयरोगतज्ज्ञ हजर असतानाच, आणि गंभीर ऑर्टिक स्टेनोसिस (महाधमनीची झडप अरुंद होणं), अनस्टेबल अँजायना, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा धोक्याच्या लयदोषाचा इतिहास असेल तर नाही. नेहमीच्या स्ट्रेस एमआरआयत ५ किंवा १० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटपासून चढत ४० पर्यंत जातात आणि वय २२० मधून वजा करून त्याच्या ८५ टक्के नाडी गाठतात. इंधनाच्या मोजणीला इतकं टोक नको. आठ मिनिटं एकाच पातळीवर स्थिर राहता येईल अशी नाडी हवी. साधारण ६५ टक्के पुरते. ५५ वर्षांच्या माणसाला ८५ टक्के म्हणजे १४०, आणि ६५ टक्के म्हणजे १०७. १०७ वर माणूस शांत पडून राहू शकतो.

पंपाचं गणित. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये २५० मिलिग्रॅम म्हणजे मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला १० मायक्रोग्रॅमच्या दरानं तासाला ३६ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ७.२ मिलिलिटर. आता पंप चुंबकाच्या खोलीबाहेर आणि मधे पाच मीटरची नळी. नळीची आतली पोकळी १ मिलिमीटर धरली तर तिच्यात जवळपास ४ मिलिलिटर द्रव मावतो. ती सलाइननं भरलेली असेल तर औषध शिरेपर्यंत पोचायलाच अर्धा तास लागेल. खोलीतले सगळे म्हणतील ‘असर होत नाहीये’, कुणीतरी दर वाढवेल, आणि मग एकदम सगळं आत जाईल. म्हणून नळी औषधानंच भरून घ्यायची, कॅन्युलाच्या तोंडापर्यंत, किंवा द्रावण पातळ करायचं: २५० मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, दर तासाला ३६ मिलिलिटर. संपल्यावर याहून मोठा धोका. पंप बंद करून मागून सलाइनचा धक्का दिला तर नळीतलं ४ मिलिलिटर, म्हणजे २० मिलिग्रॅम डोब्युटामिन, एका झटक्यात हृदयात जाईल. नळी कॅन्युलापाशीच तोडायची, मग तिथून पुढे सलाइन. ही ओळ पंपावर चिकटवून ठेवण्यासारखी आहे.

ताणात ईसीजीवर एसटी हा भाग बघून इस्केमिया, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडणं, ओळखू, या भरवशावर राहू नका. चुंबकाच्या क्षेत्रात महाधमनीतून धावणारं रक्त स्वतःच विद्युतदाब निर्माण करतं आणि टी-वेव्ह व एसटी भाग फुगवतं. ईसीजी तिथे लयीपुरता. इस्केमियासाठी प्रत्येक पायरीला एक सिने, म्हणजे हलतं चित्र, घेऊन भिंतीची हालचाल बघायची, रुग्णाला विचारत राहायचं आणि दाब मोजायचा. डोब्युटामिनचा असर उतरवणारं मेटोप्रोलॉल किंवा एस्मोलॉल भरून ठेवलेलं हवं. डीफिब्रिलेटर खोलीत येणार नाही. रुग्ण बाहेर येईल. टेबल सुटून बाहेर यायला किती सेकंद लागतात याची घड्याळ लावून रंगीत तालीम करा.

अॅडिनोसिनबद्दल थोडं. परफ्युजनसाठी, म्हणजे स्नायूचा रक्तपुरवठा बघायला, ते १४० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटनं देतात. ते रक्तवाहिन्या रुंदावतं, हृदयाचं काम फारसं वाढवत नाही. पिंपातून पाणी उपसायचं असेल तर काम वाढायला हवं, म्हणून फॉस्फरसच्या मोजणीला मूठ किंवा डोब्युटामिन. अॅडिनोसिन असेल तर चहा-कॉफी २४ तास बंद. ‘अर्धा कप’ही मोजा, इथे अर्धा कप म्हणजे चहा प्यालाच नाही असं समजतात.

हे गुणोत्तर एका जागी मात्र खोटा धीर देतं. हृदय दीर्घकाळ निकामी होत गेलं की एटीपीही घटतं. वरचं आणि खालचं दोन्ही घटलं तर भागाकार तोच राहतो. अशा वेळी पिंपातून तांब्यात पाणी किती वेगानं जातं ते मोजावं लागतं. गॅमा-एटीपीचा सिग्नल निवडक पल्सनं पुसून टाकायचा आणि फॉस्फोक्रिएटिन किती झपाट्यानं उतरतं ते बघायचं. २००५ साली वाइस यांच्याच गटानं दाखवलं की हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत हा प्रवाह निरोगी लोकांच्या जवळपास निम्मा होतो, तोही गुणोत्तर तितकं पडलेलं नसताना. याला वेळ जास्त लागतो, म्हणून ताणात हे करणं कठीण.

फॉस्फरस साठा दाखवतो. हृदय कोणतं इंधन जाळतंय ते दाखवत नाही. विश्रांतीत हृदय मुख्यतः फॅटी अॅसिडवर चालतं. श्रमात रक्तातलं लॅक्टेटही जास्त उचलतं. हे बघायला कार्बन-१३ लागतो. साखरेपासून पेशीत बनणाऱ्या पायरुव्हेटमधला एक कार्बन खुणेचा घ्यायचा, निरपेक्ष शून्याहून जेमतेम एका अंशावर गोठवून मायक्रोवेव्हनं त्याचं ध्रुवीकरण करायचं, मग गरम द्रवात झटक्यात विरघळवायचं. २००३ साली मांडलेल्या या पद्धतीनं सिग्नल दहा हजार पटींहून वाढतो. माणसाच्या हृदयाची अशी पहिली चित्रं २०१६ साली टोरांटोहून आली. शिरेत सोडल्यावर पायरुव्हेटचं बायकार्बोनेट झालं तर ते मायटोकाँड्रियात जळलं. लॅक्टेट झालं तर बाहेरच थांबलं. उपाशी हृदय बायकार्बोनेट कमी दाखवतं, साखर प्यायल्यावर जास्त. त्यामुळे इथे जेवणाची वेळ हाच प्रोटोकॉलचा कणा आहे. एकादशीला ‘उपवास आहे’ म्हणणाऱ्या रुग्णानं साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते, आणि तिच्यातला साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध कर्बोदकं. ‘उपाशी आहात का’ असं विचारू नका; ‘सकाळपासून तोंडात काय काय गेलं’ असं विचारा.

हे द्रावण मात्र प्रवास करत नाही. पेटस्कॅनचं एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली साखर, दर ११० मिनिटांनी निम्मं होतं; पुण्याहून चार तासांत सोलापूरला आलं तरी पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त उरतं. ध्रुवीकृत पायरुव्हेटचा टी-वन सुमारे एक मिनिट. दोन मिनिटांत सातवा हिस्सा उरतो. बनवणारं यंत्र चुंबकाच्या शेजारच्या खोलीत नसेल तर उपयोग नाही.

साध्या १.५ टेस्लाच्या मशीनवर, वेगळी कॉइल न घेता, आज करता येण्याजोगं एक काम आहे: हृदयाच्या स्नायूत साठलेली चरबी प्रोटॉन स्पेक्ट्रोस्कोपीनं मोजणं. मधुमेहात ती वाढते. सेप्टममध्ये १०×२०×३५ मिलिमीटरचा, म्हणजे ७ मिलिलिटरचा व्हॉक्सेल ठेवायचा, पोकळीतलं रक्त आणि बाहेरची एपिकार्डियल चरबी दोन्ही टाळून. ईसीजीनं आकुंचनाच्या शेवटी पकडायचं, कारण तेव्हा सेप्टम जाड असतो आणि क्षणभर स्थिर. नेव्हिगेटर, म्हणजे श्वासावर नजर ठेवणारा सिग्नल, उच्छ्वासाच्या शेवटी. प्रेस नावाचा सिक्वेन्स, म्हणजे पल्सची ठरलेली मालिका; टीई, म्हणजे पल्सपासून सिग्नलपर्यंतचा वेळ, ३० ते ३५ मिलिसेकंद. पाण्याचा सिग्नल दाबून एकदा, न दाबता एकदा. न दाबलेल्याला टीआर किमान ४ सेकंद द्या, नाहीतर पाणी कमी मोजलं जाऊन चरबी फुगते. पाण्याचं शिखर ४.७ वर, चरबीचं १.३ वर. निरोगी हृदयात चरबी पाण्याच्या एक टक्क्याच्याही आत असते. आकडा एकदम तीन-चार टक्के आला तर आधी व्हॉक्सेलची जागा तपासा: एपिकार्डियल चरबीचा एक कोपरा आत आला असण्याची शक्यता मधुमेहापेक्षा जास्त. व्हॉक्सेल तीन मिलिमीटर पोकळीच्या बाजूला सरकवून पुन्हा घ्या, आणि दोन्ही आकडे, दोन्ही जागांच्या चित्रांसह, रिपोर्टात ठेवा.